भुंग्याला जाळी होती

दिग्रस,
ता. २१ जानेवारी २०१०

प्रिय खेमा,

हुस्नाबीला पत्र घेऊन दारात उभी पाहून तू घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो, घरी सगळे जिवंत आहेत. हुस्नाबीचे गुडघे दुखतात, शगुफ्ताला दुसरी मुलगी झाली, मला डाव्या कानानं कमी ऐकू येतं. एवढंच. तिला चहा पाज आणि पत्र वाचून होईपर्यंत बसू दे. सातवीपर्यंत आपण एका बाकावर बसलो, माझं गिचमिड अक्षर तुला लागतं. दुसऱ्या कुणाकडून हे वाचून घेऊ नकोस. आणखी एक आधीच कबूल करतो. भाषणं करून करून माझी भाषा सभेची झाली आहे. तुझ्याशी जन्मभर मले-तुले करत बोललो आणि लिहायला बसलो तर हे असं इस्तरी केलेलं उतरतं. तीन वर्षं झाली आपलं बोलणं थांबून. चिडू नकोस.

काल दुपारपासून मला २००३ सालची ती वेचणी आठवते आहे. तुझ्या विहिरीवरची मोटर दुरुस्त करायला आलो होतो आणि तू जेवायला थांबवलंस. लालीभाभी डाव्या हातानं पीठ मळत होती. मी चेष्टा केली तर तिनं उजवा हात पुढे केला. सुकलेल्या बोंडांची टोकं लागून बोटं चिरली होती, मीठ लागलं की आग व्हायची. तू म्हणालास, "तुह्या बापानं जिनात जिंदगी काढली. कापसातून सरकी काढाची मशीन हाय, मंग पऱ्हाटीवरून कापूस काढाची काहून नाही?" मी हसलो, दोन भाकरी खाल्ल्या, मोटर सुरू करून दिली आणि घरी आलो. पण तुझं ते 'काहून नाही' डोक्यातून जाईना.

पाठीवर फवारणीच्या पंपाचं जुनं इंजिन, त्यातून येणारी, स्पीडोमीटरला असते तशी फिरती केबल, आणि हातात धरायचं डब्याएवढं तोंड. तोंडात दोन रूळ, त्यांना जिनाच्या भंगारातून आणलेल्या पात्यांचे दात. पहिल्या वर्षी कापसापेक्षा पाला जास्त आला. ही मशीन बकरीच्या कामाची आहे, असं तू म्हणाला होतास. दोन हंगाम तुझ्या शेतात मी तिच्याशी झटलो, पण ती चालवली लालीभाभीनं. तिच्या तोंडून 'चांगली' हा शब्द मी कधी ऐकला नाही. मनगटावर वजन येतं, तोंड वर वळव. पिशवी मागं लोंबते, कमरेला बांध. दात दाट आहेत म्हणून पाला धरतात, एक सोडून एक घासून टाक. ती सांगायची आणि मी दुकानात जाऊन तसं करायचो. साडीवरून ती तुझा जुना फुल बाह्यांचा शर्ट घालायची, सगळ्याच वेचणीच्या बाया घालतात. एकदा त्याची बाही रुळात ओढली गेली. तिनं झटका देऊन सोडवली आणि म्हणाली, "अय्यूबभाई, टेबलफॅनले जाळी राह्यते ना, तशी याले लाव." मी तारेची जाळी लावली. भुंगा हे नावही तिनंच ठेवलं. गुणगुणत येतो आणि बोंड पोखरतो म्हणून.

विठ्ठलराव पेपरचे वार्ताहर, पंप दुरुस्तीला आले आणि त्यांनी भुंगा पाहिला. बातमी आली. ती वर्षं कशी होती ते तुला सांगायला नको. आपल्या जिल्ह्यात रोज कुठून तरी गाड्या यायच्या, कॅमेरे उतरायचे आणि एखाद्या दारात जाऊन काल विधवा झालेल्या बाईला विचारायचे, आता कसं वाटतं. वाहिनीवरची एक मुलगी माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून म्हणाली होती, "काका, रोज मयतच दाखवावं लागतं. आज पहिल्यांदा यवतमाळमधून हसरा चेहरा घेऊन चालले." तो हसरा चेहरा माझा होता. कापसाच्या गावी राहून ज्यानं रडायच्या ऐवजी मशीन बनवली, असा माणूस त्यांना पाहिजे होता, आणि मी समोर बसलेला होतो. मला ते आवडलं, खेमा. खोटं कशाला बोलू?

मग दिल्लीच्या एका संस्थेनं पुरस्कारासाठी माझं नाव घेतलं. डिसेंबर २००५ मध्ये त्यांचे परीक्षक तुझ्या शेतात आले, त्यांनी भुंगा चालताना पाहिला आणि पुरस्कार मिळाला. त्याच्या आदल्या दिवशी काय झालं ते तुला माहीत आहे, असं तुला वाटतं. त्याबद्दल पुढे लिहितो. आत्ता पेन तिकडे वळत नाही.

दिल्लीहून आलो तर दिग्रसच्या स्टँडवर बँड होता. उघड्या जीपमध्ये उभं करून मला गावातून फिरवलं, आणि तू जीपच्या पुढे नाचत होतास. तुला नाचताना मी तुझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं. त्यानंतर चार वर्षं माझ्या दारात कुणी ना कुणी उभंच. शाळांची गॅदरिंग, गणपती मंडळं, उरूस, चष्म्याच्या दुकानाचं उद्घाटन. ओळख ना पाळख अशा लग्नांत मला नवरानवरीच्या शेजारी बसवायचे. आर्णीकडची एक बाई तान्हं पोर घेऊन आली आणि म्हणाली, याच्या डोक्यावर हात ठेवा, याचंही डोकं तुमच्यासारखं चालू दे. मी ठेवला. घरात शाली इतक्या झाल्या की हुस्नाबीनं त्यांच्या गोधड्या शिवल्या आणि नारळाची चटणी खाऊन खाऊन शगुफ्ता सासरी गेली तेव्हा म्हणाली, सुटले. दुकानावर नवीन मोठा बोर्ड लागला, 'संशोधक अय्यूबभाई', आणि बोर्डाखालचं शटर बंद. लोक पंप घेऊन यायचे, साहेब भाषणाला गेले म्हणून ऐकायचे आणि दुसऱ्या फिटरकडे जायचे. चार वर्षांत मी कानस हातात धरली नाही. लोखंड आवळून धरायचा पकडशिंगा गंजून असा बसला आहे की आता हातोडीनंही सुटत नाही.

प्रत्येक भाषणात मी एकच गोष्ट सांगायचो. विठ्ठलरावांनी ती बसवून दिली होती, कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली घ्यायचा. माझ्या मित्राच्या बायकोची रक्ताळलेली बोटं मी पाहिली आणि त्याच क्षणी शपथ घेतली, की माझ्या माताभगिनींच्या हातातून पुन्हा रक्त येऊ देणार नाही. शपथ कसली? मी तर भाकर खात होतो. पण बाया पदर डोळ्याला लावायच्या, मोठमोठे पाहुणे मान हलवायचे. ती गोष्ट मी दोनशे वेळा तरी सांगितली असेल. तोंड वर वळवायला कुणी सांगितलं, दात विरळ कुणी करायला लावले, हे एकदाही सांगितलं नाही. एकदा विठ्ठलरावांना म्हणालो, हेही सांगू का? ते म्हणाले, "मग लोक विचारतील, शोध कोणाचा?" पुढच्या सभेत मी गोष्ट होती तशीच सांगितली.

आणि पुसदची ती सभा. तीन वर्षं मी ती मनातून पुसायला बघतो आहे. तुम्हा दोघांना बोलवायचं विठ्ठलरावांनी परस्पर ठरवलं होतं, ही सबब मी स्वतःला देत आलो. पण तुम्हाला पहिल्या रांगेत बसलेलं पाहिल्यावरही मी ती गोष्ट सांगितली. सुरुवात केली आणि थांबता आलं नाही, तोंडाला वळण पडलं होतं. लालीभाभी हिरव्या साडीत, उजवा हात पदराखाली घेऊन बसली होती. भाषण संपल्यावर प्रमुख पाहुण्यांनी तुम्हाला मंचावर बोलावलं आणि माइकमध्ये म्हणाले, ताई, ज्या हातानं हा इतिहास घडवला तो हात लोकांना दाखवा. मी खुर्चीतून अर्धा उठलो. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग तिनं डावा हात वर केला, पाचही बोटं पसरून, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. पदराखालच्या हाताला तीन बोटं नव्हती, आणि ती कशात गेली हे त्या हजार माणसांत आपल्या तिघांनाच ठाऊक होतं. तू तिचा खांदा धरून तिला खाली उतरवलंस आणि मंडपाबाहेर घेऊन गेलास. जाताना मागं वळून पाहिलं नाहीस. मी पाहुण्यांबरोबर जेवायला बसलो. बासुंदी होती.

त्या वर्षीच्या ईदेला तू आला नाहीस. मी शीरखुर्म्याचा डबा पाठवला तर तो घासून, पुसून, रिकामा परत आला. आपल्या दोन घरांत चाळीस वर्षांत भांडं रिकामं कधी परतलं नव्हतं, निदान गुळाचा खडा तरी असायचा. हुस्नाबी डबा हातात घेऊन म्हणाली, "काय झालं तुमचं?" मी म्हणालो, खेमाच्या घरी सगळे कामात असतील. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं. लालीभाभीचा हात कडबा कापायच्या कुट्टीत गेला, हेच तिलाही माहीत होतं. सगळ्या गावाला तेच माहीत होतं.

आता या हंगामाचं सांगतो. दोन वर्षांपूर्वी एक कंपनी भुंगा बनवायला तयार झाली. त्यांनी नकाशा मागितला, मी दिला. पुरस्कारात जी मशीन होती तीच दिली, कारण तिचंच वजन आणि तिचाच वेग सगळीकडे छापून आला होता. बचत गटांच्या बायांना वाटायच्या मशिनी म्हणून सरकारी योजनाही लागली. दिवाळीनंतर बारा मशिनी चाचणीसाठी गावोगाव दिल्या. डिसेंबरात उमरखेडकडच्या एका तांड्यावरून फोन आला, की जमनी नावाच्या बाईच्या हाताला लागलं आहे. कंपनीचा माणूस म्हणाला, किरकोळ आहे, तुम्ही कशाला जाता. मी एसटीनं गेलो.

जमनी तिशीची असेल, दोन लेकरांची आई. उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी. दोन बोटं गेली होती. मला दारात पाहून ती खाटेवरून उठली, डोक्यावरून पदर घेतला आणि आत ओरडून सांगितलं, भुंगावाले साहेब आले. भिंतीवर माझा पेपरातला फोटो कापून चिकटवला होता, तिच्या पोरीनं शाळेत निबंध लिहिला होता म्हणे माझ्यावर. मी काय झालं विचारलं. ती म्हणाली, "मशीन लय चांगली हाय साहेब. माहीच चूक झाली. बाही लांब होती, अन् मले बंद कराचं सुधरलं नाही. तुम्ही मनाले लावून घेऊ नका." मग तिच्या दिरानं मोबाइल काढला. तिला माझ्यासोबत फोटो पाहिजे होता. शेजारी उभी राहिली आणि पट्टीचा हात फोटोत येऊ नये म्हणून तिनं तो माझ्या पाठीमागे घेतला. फोटो निघेपर्यंत तो हात माझ्या पाठीला टेकलेला होता. सदऱ्यातून मला त्याची ऊब लागत होती. मी फोटोत हसलो की नाही, मला ठाऊक नाही. बहुधा हसलोच असेन.

परतीच्या गाडीत मी ठरवलं. म्हणून आता ते लिहितो, जे तुला माहीत नाही.

परीक्षक यायच्या आदल्या दिवशी तू पुसदला गेला होतास, तुझ्या पुष्पाच्या सोयरिकीचं बोलायला. मी सकाळी शेतात आलो आणि लालीभाभीला म्हणालो, तासाला किती कापूस निघतो ते एकदा मोजून घेऊ. जाळीमुळे कापूस अडकायचा, दर दहा-पंधरा बोंडांना थांबून तो बोटानं काढावा लागायचा. हात लवकर चालायचा नाही. परीक्षकांना वेग दिसला पाहिजे, असं विठ्ठलरावांनी बजावलं होतं. त्या दिवशी सकाळी दुकानात मी जाळीचे चार स्क्रू काढले आणि जाळी ड्रॉवरमध्ये टाकली. मी काढली, खेमा. दुसऱ्या कुणी नाही. तिनं भुंगा हातात घेतल्या घेतल्या विचारलं, "जाळी कुठं गेली?" मी म्हणालो, "दोनच दिवस भाभी. पाहुणे गेले की लावतो." ती म्हणाली, "बरं." इंजिन सुरू झालं आणि ती वाऱ्यासारखी निघाली. मी बांधावर घड्याळ धरून उभा होतो. मला इतका आनंद झाला होता की मी मोठ्यानं आकडे मोजत होतो. तिसऱ्या ओळीच्या शेवटी बाही ओढली गेली. ती किंचाळली नाही. "बंद कर, भाई, बंद कर," एवढंच म्हणत राहिली. बंद करायचं बटण तिच्या पाठीवरच्या इंजिनाला होतं, तिचा हात तिथे पोचत नव्हता. बटण तिथं मीच बसवलं होतं. बांधावरून धावत जायला मला जितका वेळ लागला तितका वेळ रूळ फिरत राहिले.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं कसं झालं. मी तोंड उघडलं होतं, अल्लाची शपथ, उघडलं होतं. पण तीच आधी बोलली, "कुट्टीत गेला, साहेब." मी तिच्याकडे पाहिलं तर तिनं मान हलवली, गप्प राहा म्हणून. आणि मी राहिलो. डॉक्टरांनी लिहून घेतलं, कडबा कुट्टी. संध्याकाळी तू आलास तेव्हा तिनं तुला खरं सांगितलं, की भुंग्यात गेला, पण जाळी होतीच, माझाच हात चुकून आत गेला, असं सांगितलं. मी कॉटच्या पलीकडे उभा होतो. मी ऐकलं. मी म्हणालो, उद्याचं रद्द करतो. आणि तू, ज्याच्या बायकोची बोटं दोन तासांपूर्वी कापून टाकली होती तो तू, म्हणालास, "तिचा हात तर गेला. आता दिल्लीबी घालवतं काय?" दुसऱ्या दिवशी परीक्षकांसमोर भुंगा मी स्वतः चालवला. जाळी तेव्हाही ड्रॉवरमध्ये होती.

तुला वाटलं असेल अय्यूब मोठा झाला आणि आपल्याला विसरला. तेवढंच असतं तर बरं होतं. तुम्ही दोघांनी मला सांभाळलं ते अपघात समजून, निदान तू तरी. तो अपघात नव्हता. तिनं मागितलेली जाळी मी चार शेर कापूस जास्त दिसावा म्हणून काढली होती, आणि नंतर तिच्याच बोटांवर भाषणं करत फिरलो. तिला सगळं ठाऊक असून तिनं चार वर्षांत तुलासुद्धा सांगितलं नाही. का, ते मला कळत नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

उमरखेडहून आल्यावर मी आधी हुस्नाबीला सांगितलं. ती भाजी निवडत होती. बराच वेळ निवडत राहिली. मग म्हणाली, "मले कायले सांगून राह्यले? माह्या हातात काय हाय? ज्यायच्या हातात मशीन जाऊन राह्यली त्यायले सांगा." मी कंपनीच्या साहेबाकडे गेलो. म्हणालो, जाळी लावा, बटण हाताशी द्या, तोपर्यंत वाटू नका. त्यानं ऐकून घेतलं, चहाही पाजला. म्हणाला, पुढच्या खेपेला बघू. मी म्हणालो, आधीही एक हात गेला आहे. त्यानं विचारलं, नोंद आहे कुठे? मग फाइल उघडून माझीच मुलाखत मला वाचून दाखवली. "चार वर्षांत एकही अपघात नाही." खाली माझा फोटो.

काल, बुधवारी, दिग्रसच्या बाजार समितीच्या आवारात वाटपाचा कार्यक्रम होता. दोनशे मशिनी, खोक्यांत, वर माझं चित्र. दोनशे बाया ओळीनं बसलेल्या. माझं नाव पुकारलं आणि मी माइक घेतला. मी सगळं सांगितलं, जाळीपासून पुसदपर्यंत. लालीभाभीचं नाव घ्यावं लागलं, त्याची माफी वेगळी मागतो. सुरुवातीला बायांनी पदर डोळ्याला लावला, त्यांना वाटलं नेहमीचीच गोष्ट आहे. दोघीतिघींनी टाळ्याही वाजवल्या. मग हळूहळू कळायला लागलं तसे पदर खाली आले. विठ्ठलरावांनी माझ्या हातातून माइक घेतला आणि म्हणाले, अय्यूबभाईंची तब्येत काही दिवसांपासून बरी नाही, वयाचा परिणाम आहे. लोक 'अरेरे' म्हणाले. कंपनीचा माणूस म्हणाला, त्या बाईंचा हात कुट्टीत गेला हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे, दवाखान्याच्या रजिस्टरला बघा. दोन पोरांनी मला दंडाला धरून खाली उतरवलं, अगदी अदबीनं. चपला पायात घालून दिल्या. त्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल इतकी कीव होती की क्षणभर मलाही वाटलं, खरंच माझं डोकं फिरलं असेल.

पण मंचावर एक अधिकारी बाई होत्या. नवीन आहेत, नाव माहीत नाही. त्या माझ्या मागोमाग गेटपर्यंत आल्या आणि म्हणाल्या, लेखी द्या. तिथंच हातगाडीवर कागद ठेवून लिहून दिलं. त्यांनी वाटप थांबवलं आहे, फक्त सोमवारपर्यंत. तोवर खोकी गोदामात आहेत. म्हणाल्या, मी त्या बाईंनाच जाऊन विचारणार, त्या सांगतील ते मी धरीन. त्या शनिवारी सकाळी तुमच्या तांड्यावर येणार आहेत, आणि कंपनीचा माणूसही सोबत असेल. तिनं तेव्हा कुट्टी सांगितलं म्हणून तिच्यावर काही किटाळ येईल का, तेही मी विचारून घेतलं. काही येणार नाही.

म्हणून हे पत्र, खेमा. मी स्वतः आलो असतो. तुझ्या अंगणात खाली मान घालून बसलो असतो, तू हाकलून दिलं असतंस तरी बसलो असतो. पण मी समोर असलो तर लालीभाभी माझ्याकडे बघेल, मला अडचणीत बघेल, आणि पुन्हा 'कुट्टीत गेला' असंच म्हणेल. ती तशीच आहे. तू माझ्यावर कितीही चिडलेला असलास तरी तूही तिला अडवणार नाहीस, कारण तू तसा आहेस. शनिवारी तिनं कुट्टी म्हटलं, की मी वेडा ठरेन, त्याचं काही नाही. पण सोमवारी ती खोकी फुटतील आणि दोनशे बाया नवऱ्यांचे लांब बाह्यांचे शर्ट घालून शेतात उतरतील. हे पत्र तिला पूर्ण वाचून दाखव, जाळीचं आलं तिथं थांबू नकोस. मग तिला सांग, की अय्यूब हात जोडून म्हणतो, मला खूप वाचवलंस भाभी, आता नको वाचवू. शनिवारी उजवा हात दाखव.

तुझा म्हणवायचा हक्क आज उरला नाही, तरी दुसऱ्या कुणाचाही नसलेला, तुझाच,

अय्यूब